कत्तिरीतली पेज

परवा मार्केटात भाजीवालीनं कच्च्या केळ्यांची फणी माझ्यापुढे धरली. "अम्मा, कोवळी आहेत, घ्या." मी नको म्हटलं. तिनं पुन्हा पुढे केली, तेव्हा मी जरा जास्तच जोरात नको म्हटलं. ती चमकून माझ्याकडे बघायला लागली. वीसेक वर्षं मी चेन्नईत राहते, आणि कच्चं केळं इथे घरोघरी शिजतं. मीही शिजवते. पण कत्तिरी लागली की ते मला घरात आणवत नाही.

कत्तिरी म्हणजे मे महिन्यातले इथले सगळ्यात कडक उन्हाचे दिवस. कुणी सांगतं, कृत्तिका नक्षत्रावरून ते नाव पडलं. मला तमिळ येत नव्हतं तेव्हा मी ते 'कात्री' असंच ऐकलं होतं आणि अजूनही तसंच ऐकते. सकाळी आठला बसच्या रेक्झिनला हात लावता येत नाही. दुपारी समुद्रावरून वारा यायचा असतो, तो कुठेतरी वाटेतच अडकून बसतो. गल्लीत ताडगोळे येतात, कडुनिंबाचा मोहोर वाळून पायरीवर पडतो, आणि लहान मुलांची पोटं बिघडतात. या तिसऱ्या गोष्टीवर माझी नोकरी चालायची.

त्या वर्षी शहरात पाणी नव्हतं. ते वर्ष ज्यांनी इथे काढलं त्यांना वेगळं सांगायला नको. तिरुवल्लिकेणीतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी पहाटेपासून रंगीत प्लास्टिकच्या घागरींची रांग लागायची आणि पाण्याची लॉरी कधी येणार यावर सगळ्यांचा दिवस ठरायचा. माझे यजमान अविनाश बँकेत होते, बदलीवर मिरजेहून इथे आलेले. आम्ही एका जुन्या अरुंद घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. आमची सई तेव्हा आठ महिन्यांची होती.

खाली कावेरीअक्का राहायच्या. तंजावरकडच्या मराठी. किती पिढ्या तिकडे गेल्या कुणास ठाऊक, पण घरात मराठीच बोलायच्या, आणि ती मराठी मी मिरजेत कधी ऐकली नव्हती. अर्धी पोथीतली, अर्धी तमिळ हेलाची. 'अस्कं' म्हणजे सगळं, 'बेष' म्हणजे छान. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "जेवलीस की, गे?" आणि परक्या शहरातल्या त्या 'गे'नं माझे डोळे भरून आले होते. हे मी मुद्दाम लिहिते आहे. नंतर जे झालं त्यामुळे वाटेल, की मला त्या पहिल्यापासून आवडत नव्हत्या. तसं नव्हतं.

त्यांची दोन्ही मुलं मोठी होऊन दूर दूर नोकरीला गेलेली. यजमान निवृत्त झालेले, सकाळ-संध्याकाळ देवळात. मी आहारशास्त्र शिकलेली, मुलांच्या एका इस्पितळात जुलाबाच्या वॉर्डात आहार-सहाय्यक होते. बाळंतपणाची रजा संपली तेव्हा सईला कुठे ठेवायचं हा प्रश्न होता. तो अक्कांनी विचारण्याआधीच सोडवून टाकला. "इथं ठेव की. मी काय करतीय दिवसभर?"

मी ठेवलं. आणि महिन्याभरात माझ्या पोटात दुखायला लागलं.

मराठीत दुसऱ्याचं बरं बघवत नसलं की पोटात दुखतं म्हणतात. ज्यानं कुणी हा वाक्प्रचार काढला त्याला ते खरोखर दुखलं असणार. संध्याकाळी साडेपाचला मी दारात यायची. सई अक्कांच्या कडेवर असायची आणि माझ्याकडे वळायची नाही. वळायची, पण सावकाश, आधी हातातलं लाकडी पळीचं टोक पुरतं चघळून झाल्यावर. मी हात पुढे करायची, ती अक्कांच्या पदराची चुणी घट्ट धरायची. अक्का हसून तिची बोटं एकेक सोडवायच्या आणि म्हणायच्या, "जा गे, अम्मा आली की." मला ते 'जा' ऐकवायचं नाही. माझ्याच मुलीला माझ्याकडे जायची परवानगी दुसरं कुणी देत होतं.

वर नेल्यावर तिच्या केसांना अक्कांच्या तेलाचा वास यायचा. खोबरेल, त्यात काहीतरी घालून कढवलेलं. मी तिचं डोकं पुन्हा धुवायची. पाण्याला मोताद झालेल्या त्या उन्हाळ्यात, लॉरीच्या घागरीतलं तांब्याभर पाणी मी रोज एका बाईचा वास घालवायला वापरत होते.

एकदा अक्का जिन्यातच भेटल्या, चेहरा फुललेला. "दात दिसला गे! खालचा. पळी वाजली टक्कन."

"हो, मी सकाळीच बघितला," मी म्हटलं.

बघितला नव्हता. अक्का क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. "मग बेष," म्हणाल्या आणि आत गेल्या.

मग कत्तिरी लागली आणि आठवड्यात सईचं पोट बिघडलं. मी रजा काढली. वॉर्डात मी रोज आयांना शिकवायची, की जुलाबात मूल दगावतं ते अंगातलं पाणी आणि मीठ गेल्यामुळे. मीठ-साखरेच्या पुडीचं पाणी चमच्याचमच्यानं पाजत राहा, ओकलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा पाजा, खाणं बंद करू नका. माझ्या मांडीवर मात्र सई चमचा बघितला की तोंड फिरवायची. दोन दिवस मी अर्धं पाणी तिच्या पोटात आणि अर्धं माझ्या पातळावर घालत होते. तेवढ्यानं ती तगली, हे मला माहीत होतं. पण ती काही खात नव्हती, डोळे मोठे दिसायला लागले होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी अक्का वाटी घेऊन वर आल्या. भाजलेल्या तांदळाची पेज, तिच्यात उकडून कुस्करलेलं कच्चं केळं, मीठ, आणि कढीपत्त्याच्या पानाचा नुसता वास. "दे इकडं," म्हणाल्या. सईनं त्यांच्या हातून एक चमचा घेतला, मग दुसरा. मग वाटीच ओढायला लागली.

"अस्कं खाल्लं," अक्का रिकामी वाटी मला दाखवत म्हणाल्या. "त्या पुडीच्या पाण्यानं काय होतं गे? आमच्याकडं लेकरांना हेच. माझ्या दोघांना हेच, माझ्या बहिणीच्या चौघांना हेच."

मी म्हटलं, "पाणी दिलं म्हणूनच पेज पचली, अक्का."

"असेल," त्या म्हणाल्या. त्या 'असेल'मध्ये एवढी माया होती की मला वाटी फेकून द्यावीशी वाटली. सई दोन दिवसांत बरी झाली. आई म्हणून मी सुटकेचा श्वास टाकला, आणि त्या श्वासाच्या तळाशी एक कडवट थेंब होता: माझ्या हातून नाही झाली.

आज सई पुण्यात शिकते. परवा फोनवर मी तिला विचारलं, तुला अक्कांचं काय आठवतं? ती म्हणाली, "चेहरा नाही आठवत गं. पण कुणीतरी मला मांडीवर आडवं घेऊन पाय हलवतंय, एवढं आठवतं."  तेवढ्या लहानपणाचं माणसाला काही आठवत नाही असं म्हणतात. आणि आठवलंच, तर ते माझ्या मांडीचं का नसावं? एवढ्या वर्षांनी, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, फोन ठेवल्यावर मी चार मिनिटं त्या एका मांडीचा हेवा करत बसले होते.

त्या उन्हाळ्यात मी इस्पितळात परतल्यावर वॉर्डाच्या प्रमुख डॉक्टरांनी सईची चौकशी केली. आम्ही त्यांना मोठ्या मॅडम म्हणायचो. कमी बोलणाऱ्या, कडक इस्त्रीच्या सुती साडीतल्या. मी पेजेची गोष्ट सांगितली, जराशी हसण्यावारी नेत. त्या हसल्या नाहीत. "कच्चं केळं? पूर्ण शिजवलेलं? सहा महिन्यांवरच्या मुलांना?" त्यांनी तीन-चार प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "त्या बाईंना घेऊन या."

अक्का आल्या. नऊवारी नव्हे, तिकडची रुंद काठाची साडी, नाकात दोन्हीकडे चमक्या, हातात घरून केलेल्या पेजेचा स्टीलचा डबा. मोठ्या मॅडम उठून उभ्या राहिल्या, त्यांच्यासाठी स्वतः खुर्ची ओढली, आणि चमच्यानं पेज चाखली. दोघी तमिळमध्ये बोलायला लागल्या, इतकं भराभर की मला निम्मं कळेना. मधेच दोघी हसल्या. मी दाराशी उभी होते. दोन वर्षांत त्या खोलीत मला कुणी बसा म्हटलं नव्हतं.

ठरलं ते असं. वॉर्डात दोन रांगा. सगळ्या मुलांना पुडीचं पाणी आणि नेहमीचे उपचार मिळणारच. शिवाय एका रांगेला इस्पितळाची रोजची मऊ खिमट, दुसरीला अक्कांची पेज, तीही आईनं हो म्हटलं तर. नर्स लंगोट मोजणार, मी वाट्या: खाण्याआधी किती, उरलं किती. घरोघरच्या आज्यांचं औषध खरंच लागू पडतं का, ते कागदावर बघायचं. "पडत असेल तर दर घरी करता येईल असं आहे," मोठ्या मॅडम म्हणाल्या. "कृती नीट लिहून आणा. शब्दन् शब्द."

मी अक्कांच्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून कृती लिहून घेतली. सई त्यांच्या मांडीवर. तांदूळ मंद आचेवर तांबूस भाजायचा, सावकाश, वास सुटेपर्यंत. "आणि केळं सालीसकट उकड," त्या बोट उगारून म्हणाल्या. "हे विसरू नको. सोलून पाण्यात घातलंस की राखेसारखं होतं बघ, तुरट होतं. लेकरू तोंडात घेत नाही. सालीसकट उकडायचं, मग सोलायचं. कळ्ळं का?"

"कळलं," मी म्हटलं, आणि वहीत तसंच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात मी ती कृती संगणकावर उतरवली. केळ्याच्या ओळीपाशी आले आणि थांबले. खिडकीबाहेर पाण्याची लॉरी उभी होती, नळीतून थेंब गळत होते आणि एक कुत्रं ते चाटत होतं. मी ते बघत राहिले. मग लिहिलं: 'केळे सोलून, फोडी करून पाण्यात उकडावे.'

मी म्हणू शकले असते की हात चुकला. पुढे एकदा तसं म्हणायची संधीही मला मिळाली. पण मी थांबले होते. चुकणारा हात थांबत नाही.

इस्पितळाचा स्वयंपाकी कागद वाचून माझ्याकडे आला. "अम्मा, सालीसकट उकडू का? बरं होतं."

"कागदावर आहे तसं करा," मी म्हटलं.

पेज राखाडी झाली. मुलांनी पहिल्या चमच्याला तोंड वाकडं केलं, दुसऱ्याला थुंकली. आया पदरानं हनुवट्या पुसत राहिल्या. मी वाट्या मोजायची. दिलेल्या आणि उरलेल्या पेजेत फारसा फरक नसायचा. मी रकान्यात 'नकार' लिहायची, पुन्हा 'नकार', आणि माझं अक्षर त्या दिवसांत फार सुंदर आलं आहे. ते कागद मला नंतर बघावे लागले, म्हणून माहीत आहे. त्या दिवसांतला माझा आनंद मी कुणाला सांगितलेला नाही. सकाळी बसमध्ये चढताना मला हलकं वाटायचं. शहर भाजून निघत होतं आणि मी मनात काहीतरी गुणगुणायची.

मोठ्या मॅडम कागद चाळून म्हणाल्या, "आश्चर्य आहे. मी चाखली तेव्हा चांगली होती." मग म्हणाल्या, "अजून काही दिवस बघू."

त्याच आठवड्यात सेल्वी आली. एन्नोरजवळच्या कोळीवाड्यातली, विशीतली पोरगी, दोन बस बदलून आलेली. तिचा मुलगा सईएवढा. पाण्यानं तो सावरला, पण अन्नाला शिवेना. वजन वाढत नव्हतं म्हणून घरी सोडत नव्हते. तिसऱ्या दिवशी मी उरलेली वाटी उचलायला गेले, तर सेल्वीनं ती माझ्या हातातून घेतली, वास घेतला, आणि बोटानं चाटली.

"अक्का," ती मला म्हणाली, इथे सगळ्याच मोठ्या बायका अक्का, "हे केळं सोलून उकडलंय ना? तुरट लागतंय. आमच्याकडे सालीसकट उकडतात. कुणी शिकवलं हे तुम्हाला?"

म्हणजे तिला माहीत होतं. शेजारच्या खाटेवरची बाई मान डोलावत होती, म्हणजे तिलाही. मी जे एका बाईकडून चोरून दडवून ठेवलं होतं ते सगळ्या वॉर्डाला ठाऊक होतं. फक्त कागदापुढे बोलायचं कसं, म्हणून कुणी बोललं नव्हतं.

"एका म्हाताऱ्या बाईनं सांगितलं," मी म्हटलं.

"तिला स्वयंपाक येत नसेल," सेल्वी म्हणाली आणि वाटी परत दिली.

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

त्या संध्याकाळी अक्का दारातच वाट बघत होत्या. रोज विचारायच्या, तेच विचारलं, "लेकरं खातात की?" आतापर्यंत मी 'बघतो आहोत' म्हणून टाळत होते. त्या दिवशी म्हटलं, "नाही खात, अक्का. थुंकतात."

त्यांचा चेहरा पडला. मला हवा होता तसाच पडला. "थुंकतात?" त्या म्हणाल्या. "मग माझंच काही चुकलं असेल गे. हात म्हातारा झाला." सईला त्यांनी माझ्याकडे दिलं, या वेळी बोटं न सोडवता, नुसतंच.

दुसऱ्या दिवसापासून त्या सईला आपल्या हातचं काही भरवेनात. सांभाळायच्या, खेळवायच्या, पण खाऊ घालायचं म्हटलं की म्हणायच्या, "तू करून ठेव नीला, तू शिकलेली. माझ्या हातचं नको." मी पहाटे उठून करून ठेवायची. सई ते खायची नाही. रविवारी मी स्वतः भरवायला बसले. ती माझ्या खांद्यावरून जिन्याकडे बघत राहिली, खालच्या भांड्यांचा आवाज ऐकत. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं: अक्का बाजूला झाल्या होत्या, वाटी माझ्या हातात होती. आणि माझी मुलगी उपाशी होती. चमचा तिच्या ओठांशी धरून मी किती वेळ बसले कोण जाणे. घामानं चमचा निसटत होता. मला सेल्वीच्या मुलाचं तोंड आठवलं, तसंच मिटलेलं, आणि ते मी मिटवलं होतं.

सोमवारी मी मोठ्या मॅडमच्या खोलीत गेले. "कृतीत एक ओळ चुकीची आहे," मी म्हटलं.

त्यांनी कागद ओढला. मी ओळ दाखवली. "टंकताना चुकलं?" त्यांनी विचारलं. हीच ती संधी.

"नाही. मला माहीत होतं."

पंखा फिरत होता. त्यांनी चष्मा काढला. "ज्या मुलांना ही पेज दिली त्यांची नावं लिहून द्या," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना पाणी मिळत होतं म्हणून निभावलं. नाहीतर तुम्हाला कळतंय ना, काय झालं असतं?"

"हो."

"का केलंत?"

काय सांगणार? एका बाईला माझ्या मुलीचा पहिला दात दिसला म्हणून? त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "ठीक आहे. हे कागद बाद. आपण पुन्हा सुरुवात करू. वाट्या आता दुसरं कुणी मोजेल. आणि त्या बाईंना हे तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही."

अक्कांना सांगायला मला तीन दिवस लागले. त्या तांदूळ निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं, सगळं, साल, स्वयंपाकी, 'म्हातारी बाई'. त्या ऐकत होत्या, सूप हातातच. मला वाटलं होतं, त्या रडतील किंवा जवळ घेतील. कथांमध्ये अशा बायका जवळ घेतात. अक्कांनी सूप खाली ठेवलं आणि त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला.

"माझ्यावर राग होता तर माझ्या घरात येऊन भांडायचं की! ती पेज माझ्या अंगावर ओतायचीस. लेकरांच्या तोंडचं कशाला बिघडवलीस?"

मी उभी होते ती खाली बसले.

"रोज साडेपाचला तू येतीस," त्या म्हणाल्या, आता हळू, "आणि लेकरू माझ्या हातातून काढून घेऊन जातीस. रोज. मी दार लावून घेतीय, तिचं रडणं ऐकू येऊ नये म्हणून. कधी ती हसतीय, ते तर त्याहून नको वाटतं. मी कधी तुझं काही बिघडवले का?"

माझ्या हेव्यात मी त्यांच्या बाजूनं कधी विचारच केला नव्हता. साडेपाच म्हणजे माझं पोचणं, एवढंच मला माहीत होतं. बंद दारापलीकडे तेच साडेपाच दुसऱ्या कुणाला वाजत होते. तरीही, खरं सांगायचं तर, त्या क्षणीसुद्धा मला पहिलं जे वाटलं ते असं: म्हणजे सई माझ्याकडे आल्यावर रडते, हे यांना माहीत आहे.

आठ दिवस त्यांनी सईला घेतलं नाही. अविनाशनं आणि मी आळीपाळीनं रजा काढल्या. त्याला मी सगळं सांगितलं, तो एवढंच म्हणाला, "आपण त्यांच्या जिवावर इथे राहतोय, नीला." नवव्या दिवशी सकाळी अक्का वर आल्या, माझ्याकडे न बघता सईला उचललं आणि खाली गेल्या. माझ्याशी बोलणं पुढे बरेच दिवस कामापुरतंच होतं.

दुसऱ्या खेपेला मी इस्पितळाच्या स्वयंपाकघरात उभी राहून केळी उकडायची. सालीसकट. हिरवी साल पाण्यात हळूहळू काळपट व्हायची आणि आतला गर लोण्यासारखा पांढरा निघायचा. मुलं खायला लागली. सगळी नाही, पण बरीच. पाण्यासारखे जुलाब त्या रांगेत जरा लवकर घट्ट होताना दिसले, आयांचे चेहरे सैल झाले. चमत्कार झाला नाही. पेज पाण्याची जागा घेत नाही, हे मोठ्या मॅडमनी ठळक लिहिलं. पाणी आधी, पेज त्याच्या जोडीला. मी ते अक्कांना सांगितलं तेव्हा त्यांना ते रुचलं नाही. "अस्कं पाणीच करतं तर मग मी काय केले?" म्हणाल्या. मला आत कुठेतरी बरं वाटलं आणि त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी वाटू शकतात, हे मला त्या कत्तिरीनं शिकवलं.

सेल्वी तोवर घरी गेली होती. तिच्या मुलाला पुढच्या तपासणीला आणलं तेव्हा तो अंगानं भरला होता. मी तिला सांगितलं, की त्या बाईनं बरोबरच शिकवलं होतं, चूक माझी होती. तिनं मान हलवली, "तुम्ही केव्हाच सांगायला हवं होतं," म्हणाली, आणि बस पकडायला निघून गेली.

जुलै संपताना इस्पितळात एक छोटी बैठक झाली. डॉक्टर, नर्सेस, इतर वॉर्डांतले काही लोक. मोठ्या मॅडमनी अक्कांना बोलावलं होतं, त्या आल्या आणि शेवटच्या रांगेत बसल्या. कृती वाचायचं काम माझ्याकडे होतं. वाचून झाल्यावर एका वयस्कर डॉक्टरांनी विचारलं, "आधीची काही नोंद बाद केली आहे असं इथे लिहिलंय. का?"

 मोठ्या मॅडमनी टेबलावरची पेन्सिल सरळ केली.

"कृती मी चुकीची लिहिली होती," मी म्हटलं.

"नजरचुकीनं?"

मला शेवटच्या रांगेतल्या नाकातल्या दोन चमक्या दिसत होत्या. "नाही," मी म्हटलं. "ज्यांची ही पेज आहे त्या तिथे बसल्या आहेत. मला त्यांचा हेवा वाटला होता."

कुणीतरी खाकरलं. मग पुढचा प्रश्न आला, दुसऱ्या कशावर तरी. पुढच्या महिन्यात माझ्या कंत्राटी नेमणुकीची मुदत संपली आणि इस्पितळानं ती वाढवली नाही. कुणी कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. ते बरोबरच होतं.

म्हणून सई वर्षाची झाली तेव्हा मी दिवसभर घरी होते. अक्कांची आता आम्हाला गरज नव्हती. सकाळी मी दार उघडं टाकून भाजी चिरायला बसायची. एक दिवस बघते तर सई जिन्याच्या तोंडाशी. ती उलटी फिरली, पोटावर पालथी झाली, आणि एक पाय खालच्या पायरीवर सोडून चाचपडायला लागली. कुणी शिकवलं नव्हतं. पाय टेकला तशी घसरत एक पायरी उतरली. मी उठून तिच्या मागे, दोन पायऱ्या वर, जाऊन बसले, पडली तर धरता येईल इतक्या जवळ.

खाली अक्कांचं दार उघडलं. त्या चौकटीत येऊन उभ्या राहिल्या. हात पुढे केले नाहीत, हाक मारली नाही. माझ्याकडे बघितलं.

मधल्या पायरीवर सई थांबली. तिनं मान वर करून मला बघितलं, मग वाकून खाली त्यांना. मला तिच्या नावानं ओरडावंसं वाटत होतं. माझ्या आवाजानं ती आली असती, कदाचित. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि गप्प बसून राहिले.

सईनं पुढचा पाय खालच्या पायरीवर सोडला.